बसलीय

गवत कापायचं काम मुलानेच आणलं, आणि आणलं ते अशा थाटात, की जणू कुणी त्याला माळ बक्षीस दिलाय. दारातूनच तो ओरडला, "आई, विळे काढ! सगळा माळ आपल्याकडे आला!"

मुकादमीण स्टोव्हवरून भात उतरवत होती. तिने मान वर केली नाही. गेली वीस वर्षं ती दहा कापणाऱ्या बायकांची टोळी चालवत होती, म्हणून सगळे तिला मुकादमीणच म्हणत. नवऱ्यानेही खरं नाव कधीच सोडून दिलं होतं. मुलगा माळावरच्या साइटवर हजेरी घ्यायचा, आणि हातात वही आल्यापासून जरा मोठंच बोलायचा.

"सगळा म्हणजे किती?"

"सगळा म्हणजे सगळा. रस्त्यापासून टेकडीपर्यंत, शनिवारच्या आत. आणि जमिनीलगत. बोटभरही उभं राहायला नको."

"एवढ्या गवताला गिऱ्हाईक कोण?"

"गवत गेलं खड्ड्यात. साइटसाहेबांना माळ मोकळा हवाय. सोमवारी पाहणी आहे."

"कसली पाहणी? मुलगी बघायला येतायत का?" कोपऱ्यातल्या खाटेवरून तिचा म्हातारा नवरा म्हणाला. आयुष्यभर विहिरी खणून त्याचे पाय खांबासारखे सुजले होते. जीभ मात्र शाबूत होती.

"पाखरांची, बाबा. माळावर पाखरं घरटी करतात का, ते बघायला सरकारची बाई येणार. सापडली तर इमारती थांबल्या. आता गवतच नसेल तर पाखरू कशाला येईल?"

इमारती थांबल्या, हे शब्द ऐकून पाटावर बसलेली सून हातातली सुई घेऊन तशीच राहिली. तिला सातवा लागला होता. माळावर सहा इमारती उठायच्या होत्या, आणि पहिल्या इमारतीत नाल्याकाठच्या चाळीस झोपड्यांना एकेक खोली मिळायची होती. जमीन मिळताना कंपनीवर ती अटच घातलेली होती. यादीत यांचं नाव अकरावं होतं. तळमजला, कोपऱ्यातली खोली, मागे खिडकी. नकाशा पाहून सुनेने त्या खिडकीचं माप काढलं होतं आणि ती आता तिचा पडदा शिवत होती. भिंत अजून उभी नव्हती, पण पडद्याला दुहेरी शिवण पडली होती.

हसण्यासारखंच होतं ते, पण त्या घरात कुणी हसत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी दोनदा आत शिरलं. पत्र्याच्या भिंती दोन महिने ओल्या होत्या, आणि त्या ओलीत सुनेचं पहिलं बाळ खोकून खोकून गेलं. चाळीस दिवसांचं होतं. दुसरं बाळ या जागेत आणायचं नाही, असं सुनेने ठरवलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण मुकादमिणीला कळायला सांगावं लागत नव्हतं.

"विळे पुसून ठेव," ती मुलाला म्हणाली. "उद्या उजाडताच लागतो."

*

माळावर कमरेएवढं गवत होतं, वरून पिवळं आणि बुडाशी हिरवं. अकरा जणींनी पात धरली, म्हणजे रांगेत एकीपासून दुसरीचा हात मोकळा राहील एवढं अंतर ठेवून वाकल्या. एका बाजूने मुकादमीण, दुसऱ्या टोकाला चिमटी. चिमटी अंगाने चिमूटभर आणि बोलायला लागली की चिमटाच, म्हणून ते नाव. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची, पाऊल पुढे. तासाभरात पाठ बोलायला लागते आणि दोन तासांनी बोलायची थांबते. कुसळं पातळातून घुसून मांड्यांना टोचत होती. दुपारी हवा भट्टीच्या तोंडासारखी झाली.

"माझ्या खोलीला नळ आतच आहे म्हणे," एक म्हणाली.

"मग तुझा नवरा आंघोळ करील की काय?" चिमटीने लगेच विचारलं, आणि सगळी रांग वाकल्या वाकल्या हसली.

हसणं संपायच्या आत मधल्या बाईने हाक दिली. "बसलीय!"

अकराच्या अकरा विळे जागच्या जागी थांबले. जिचं पाऊल उचललेलं होतं तिने ते मागे ठेवलं. मधल्या दोघी दोन्ही बाजूंना सरकल्या, मधे टोपलीएवढा गवताचा झुबका उभा राहिला, आणि पात त्याला वळसा घालून पुढे गेली.

या टोळीची ही रीत होती, आणि तिच्यात मायाबिया काही नव्हती. माळावर जमिनीवरच अंडी घालणारी एक मातकट पक्षीण होती. सरकारी कागदात तिला लांबलचक नाव होतं, या बायका तिला दबकी म्हणत. माणूस अंगावर आलं तरी ती उडत नाही, दबून बसते. मूठ तिच्या पाठीवर पडली की एकदम तोंडावर उसळते आणि विळा सुटतो. मुकादमिणीच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं ते त्यामुळे. बोट गेलं त्या दिवशी तिच्या सासूने तिच्या हातावर फडकं बांधलं आणि वर एक शिवी घातली, "डोळे काय घरी ठेवून आलीस?" तेव्हापासून तिचे डोळे विळ्याच्या पुढे वीतभर चालत. दिसली की हाक, हाक ऐकली की थांबायचं. नव्या बाईला आधी हे शिकवायचं, मग विळा द्यायचा.

शनिवारी दुपारपर्यंत सगळा माळ खाली बसला. कामगारांच्या शेडपासून टेकडीचा पायथा दिसायला लागला. आणि त्या भुंड्या माळावर लांब लांब नऊ झुबके उभे होते.

साइटसाहेब जीपमधून उतरले. गोरे, घामेजलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी माळावर नजर फिरवली आणि मुलाला विचारलं, "न्हावी अर्ध्यात पळून गेला का रे?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "आई, हे काय?"

"दबक्या बसल्यात," मुकादमीण म्हणाली. म्हणता म्हणताच तिला कळलं, आपण काय करून ठेवलंय ते. पाच दिवस ती हा माळ कशासाठी कापत होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी नऊ वेळा हाक आली आणि नऊ वेळा ती स्वतःच बाजूला सरकली. मेंदू घरी खोलीची स्वप्नं बघत होता आणि हात आपली वीस वर्षांची नोकरी करत होते.

"मावशी," साहेब शांतपणे म्हणाले, "त्या बाईला आता शोधायची गरजच नाही. तुम्ही खुणा करून ठेवल्यात. उद्या संध्याकाळी मी येईन तेव्हा एकही दिसता कामा नये. यादी माझ्याकडेच आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

जीप गेली. मुकादमिणीने टोळीकडे पाहिलं. एकीला अचानक पोराचा ताप आठवला, दुसरीच्या विळ्याची मूठ सैल झाली होती.

"खोल्या आपल्याला सगळ्यांनाच हव्यात ना गं?" मुकादमीण म्हणाली.

"हव्यात," चिमटी खाली बघत म्हणाली. चिमटीला खाली बघताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "पण माझा हात नाही उठायचा. तू मुकादमीण आहेस."

*

रविवारी दुपारी ती एकटीच गेली. सून दारापर्यंत आली. "आई, मी येऊ का? बसून कापीन." मुकादमीण नको म्हणाली. सुनेने पाण्याची बाटली हातात दिली आणि क्षणभर तिचा अर्ध्या बोटाचा हात धरून ठेवला. एरवी त्या दोघींमध्ये असलं काही चालत नसे.

पहिल्या झुबक्यापाशी ती गुडघ्यांवर बसली. झोकात विळा चालवायची सोय नव्हती. चार चार काड्या धरून, वाटीतल्या भातातून खडा काढावा तसं तिने बाहेरून आत कापायला सुरुवात केली. आत दबकी बसली होती. जमिनीचा रंग, जमिनीचेच ठिपके, फक्त डोळा तेवढा ओला. गवत कमी होत गेलं, ऊन तिच्या पाठीवर आलं, तरी ती हलली नाही. चोच उघडून धापा टाकत राहिली. शेवटच्या काड्या कापताना मुकादमिणीची बोटं तिच्या पंखाला लागली, आणि त्या पंखाखालची ऊब तिच्या बोटांना कळली.

"मी अंड्यांना हात लावलेला नाही," ती मोठ्याने म्हणाली. तिथे ऐकायला कुणी नव्हतं. "सावली गेली फक्त."

नऊही कापले. सहा दबक्या बसून राहिल्या, तीन उडाल्या आणि ती लांब गेल्यावर परत येऊन बसल्या. संध्याकाळी साहेबांनी जीपमधूनच माळ पाहिला आणि मान हलवली. गवताशिवाय दबकी दगडासारखीच दिसते, म्हणजे दिसतच नाही.

घरी तिने साबण लावून दोनदा हात धुतले. "झालं?" सुनेने विचारलं. "झालं," ती म्हणाली. तिला स्वतःची शरम वाटत होती, आणि सुनेचा उजळलेला चेहरा बघून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्यामुळे जेवण गेलं नाही.

*

पाहणीवाली बाई सोमवारी आठला आली. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, पायात जाड बूट. सोबत एकच माणूस, गळ्यात दुर्बीण घातलेला. मोकळा माळ बघून तिने बुटाच्या टोकाने ताजे खुंट दाबून पाहिले.

"गवत कधी कापलं?"

"दरवर्षी कापतो," साहेब म्हणाले. "आग लागायची भीती असते."

"मला हा माळ रांग धरून चालत पाहायचाय. दोघांनी दिवस जाईल. माणसं मिळतील?"

साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हवी तेवढी. या बायका आहेत ना. माळाची इंचन् इंच माहिती आहे त्यांना." आणि बाईची पाठ वळताच त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने आईकडे पाहिलं.

तिला सांगायची गरज नव्हती. तिने रांग लावली ती डोकं लढवून लावली. नऊ जागा तिला तोंडपाठ होत्या. चिमटीला दोन हात डावीकडे, मधलीला जरा मागे, स्वतः पाहणीवालीच्या शेजारी, आणि दुर्बीणवाला पार टोकाला. दर वेळी दबकी दोघींच्या मधल्या फटीत राहावी अशी. बाई तिच्या बोलण्यावर चालत होती.

"मावशी, पक्षी दिसतात का हो इथे?"

"कावळे दिसतात," मुकादमीण म्हणाली. "टिटव्या. बाकी आम्ही खाली मान घालून कामं करणारी माणसं."

पहिली गेली. दुसरी, तिसरी चिमटीच्या बाजूने गेली. चिमटीने नजरही वळवली नाही. चौथी मुकादमिणीच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर होती, बसलेली, डोळा ओला. मुकादमीण बाईशी पाण्याच्या टंचाईबद्दल बोलत राहिली. पाचवी, सहावी. कागदावर काही नाही, म्हणजे खोली. तळमजला, कोपऱ्यातली.

सातवीच्या अलीकडे बाईच्या बुटाची नाडी सुटली. नाडी बांधायला बाई जरा बाजूला सरकली, बांधली, आणि सरकली होती तिथूनच पुढे चालू लागली. सरळ सातवीवर.

मुकादमिणीला ते दिसलं. अजून चार पावलं होती. दबकी उडेल, तिने मनाशी म्हटलं. तीन. नाही उडाली तर पायाखाली जाईल, बाईंना कळणारही नाही, आणि कळलं तरी... दोन. "बाई, इकडून या, तिकडे काटे आहेत," एवढं म्हणायचं होतं. वाक्य तिच्या तोंडात तयारही होतं. जाड बूट उचलला गेला, त्याची सावली त्या मातकट पाठीवर पडली.

"बसलीय!"

हाक तिच्याच घशातून निघाली होती. आणि त्याच क्षणी दहा बायका जागच्या जागी थांबल्या. दहाही जणींनी उचललेलं पाऊल मागे घेतलं आणि नजर जमिनीला लावली. सगळ्या माळावर काही हलत नव्हतं.

पाहणीवालीही थांबली, बूट हवेतच. तिने आधी त्या थिजलेल्या रांगेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बूट मागे ठेवून ती हलकेच उकिडवी बसली.

"अजून किती आहेत, मावशी?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

आता बाईला उत्तराची गरज नव्हती. बायका कुठे वळसा घालतात, ते तिला बघता येत होतं.

*

काम त्याच आठवड्यात थांबलं. मुलाची वही काढून घेतली. यादीचं काय झालं हे कुणी सांगेना. कंपनीने दुसरीकडे जागा बघितली असं लोक म्हणत, तिथे खोल्यांची अट नव्हती. नाल्याकाठच्या चाळीस घरांतली माणसं मुकादमिणीला रस्त्यात बघून थुंकत नव्हती एवढंच. नळावर ती गेली की बोलणं बंद पडायचं. रांगेतल्या दहाजणीही त्याच क्षणी थांबल्या होत्या, हे त्या दहाजणी घरी सांगत नव्हत्या. एकटी चिमटी एकदा तिच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "तू नसतीस ओरडली तर मीच ओरडले असते," आणि कुणी बघायच्या आत निघून गेली.

मग माळाला तारेचं कुंपण पडलं. दुसऱ्या माळरानावरचं काम मिळतंय का बघायला ती विळा घेऊन निघाली होती, तेव्हा फाटकावर नवा पहारेकरी बसलेला दिसला. माळाच्या मधूनच टेकडीपलीकडे जायची पायवाट होती.

"आत जाता येणार नाही," तो म्हणाला. "गवत कापायलाही कायमची बंदी आहे. आत दुर्मिळ पक्षी आहेत."

"माहीत आहे."

"तुम्हाला नाही कळायचं ते, आजी. लांबून जा."

ती लांबून गेली. कोसभराचा वळसा पडला.

मुलाने शहराच्या पलीकडे एका गोदामात काम धरलं आणि सासऱ्याच्या घराजवळ भाड्याने खोली पाहिली. आईशी तो महिनाभर बोलत नव्हता. जायचंही त्याने बापालाच सांगितलं. टेम्पो आला तेव्हा आकाश भरून आलं होतं. सुनेला नववा लागला होता. एक ट्रंक, गादी, भांड्यांची गोणी, एवढंच सामान. म्हातारा खाटेवरून उठू शकत नव्हता, म्हणून सून आत जाऊन त्याच्या पाया पडली. बाहेर आली. मुकादमिणीने तिला हात देऊन टेम्पोच्या पायरीवर चढवलं, तिच्या पाठीमागे उशी सारली, ट्रंकेचा कोपरा पोटाला लागणार नाही असा फिरवला.

"जपून राहा," ती म्हणाली. "माझ्यावर राग आहे ना तुझा?"

सुनेने पाठीमागची उशी नीट सरकवली. ती भांडखोर मुलगी नव्हती.

"राग नाही, आई. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला माहीत आहे. आपोआप निघालं तोंडातून." तिने पोटावर हात ठेवला. "पण माझं बाळ इथं चाळीस दिवस खोकत होतं. रोज तुमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा नाही निघालं आपोआप. डॉक्टरकडे न्या, इथून हलवा, कुणाच्या तरी दारात जाऊन बसा, असं काही नाही निघालं. तुम्ही म्हणालात, होईल बरं."

टेम्पो सुरू झाला. मुलाने पुढून आईकडे पाहिलं नाही. गाडी चिखलातून हिसके खात वर रस्त्याला लागली आणि गेली.

मुकादमीण उभीच राहिली. सुनेने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना. ते चाळीस दिवस तिला एकेक करून आठवायला लागले. तिने बाळाला शेकलं होतं, छातीला तेल लावलं होतं, रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं. फक्त ओरडली नव्हती. गरिबाघरी पोरं खोकतातच, असं तिला वाटलं होतं.

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागल्यावर ती आत आली. म्हाताऱ्याचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळू लागली.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"काही बोलली का?"

"बाबांचे पाय रोज चोळा म्हणाली."

म्हाताऱ्याने समाधानाने डोळे मिटले. मुकादमिणीचे हात थांबले. किती सहज आलं हे तिच्या तोंडात, न अडखळता. त्या सकाळी माळावर एवढंच खोटं हवं होतं.